हुकूम आणि वाटा : चिनी आणि कझाक नशिबाची गोष्ट

बीजिंगमधल्या छत्तिशीच्या माणसाने एकाएकी लाल पट्टा, लाल मोजे आणि आतले कपडेही लाल वापरायला सुरुवात केली, तर त्याच्या सहकाऱ्यांना कारण विचारावं लागत नाही. त्याचं ‘बनमिंगन्येन’ चालू आहे. म्हणजे ज्या प्राण्याच्या वर्षात तो जन्मला, ते वर्ष बारा वर्षांच्या चक्रात पुन्हा आलं आहे आणि ते जपून काढायचं असतं. त्याच वर्षी जन्मलेला अल्माटीतला माणूसही हेच वर्ष जपून काढतो. तो याला ‘मुशेल’ म्हणतो. आईच्या पोटातले महिने धरून कझाक लोक हे वर्ष सदतिसावं मानतात. चीनमधली जुनी वयमोजणीही जन्मलेल्या बाळाला लगेच एक वर्षाचं धरते. त्यामुळे १३, २५, ३७, ४९ हे धोक्याचे आकडे दोन्हीकडे सारखेच येतात.

उपाय मात्र निराळे आहेत. कझाक माणूस लाल काही घालत नाही. तो आपल्या वापरातलं एखादं चांगलं वस्त्र दुसऱ्याला देऊन टाकतो, दानधर्म करतो, चार वडीलधाऱ्यांना बोलावून जेवू घालतो. पंचांग एकच आणि भीतीही एकच, पण एकजण अंगावर काही चढवतो आणि दुसरा अंगावरचं उतरवून देतो. चिनी आणि कझाक माणसाच्या मनातलं नशीब समजून घ्यायचं असेल, तर या फरकापासून सुरुवात करणं सोयीचं.

बारा वर्षांच्या या चक्रात आणखीही काही गमती आहेत. चिनी वाघाच्या जागी कझाक यादीत ‘बारिस’ हा बिबट्या आला आहे आणि ड्रॅगनच्या जागी ‘उलू’. मूळ तुर्की शब्द ड्रॅगनचाच होता, पण आजच्या कझाक भाषेत उलू म्हणजे गोगलगाय. स्टेपच्या गवताळ मैदानावर ज्याच्यावाचून पान हलत नाही तो उंट मात्र यादीत नाही, आणि त्याची गोष्ट प्रत्येक कझाक मुलाला ठाऊक असते. उगवता सूर्य जो आधी पाहील त्याच्या नावाने पहिलं वर्ष, असं ठरलं होतं. उंट आपल्या उंचीच्या भरवशावर निर्धास्त राहिला आणि त्याच्याच मदारीवर चढलेल्या उंदराने सूर्य आधी पाहिला. चीनमध्ये ड्रॅगनचं वर्ष सर्वांत भाग्याचं समजलं जातं. २०२३ साली तिथे ९० लाख २० हजार मुलं जन्मली होती, तर २०२४ या ड्रॅगनच्या वर्षी हा आकडा ९५ लाख ४० हजारांवर गेला. सात वर्षं सतत घसरणारा जन्मांचा आकडा त्या वर्षी पहिल्यांदा वर आला. आदल्या वर्षी वाढलेल्या लग्नांचाही त्यात हात होता, पण ड्रॅगनची ओढही मोठी होती.

स्वर्गाचा हुकूम

चिनी भाषेत नशिबाला रोजचा शब्द आहे ‘मिंगयुन’. त्यातला ‘मिंग’ म्हणजे आज्ञा, हुकूम. आयुष्य आणि प्रारब्ध हे अर्थही त्याच अक्षरात आहेत. ‘युन’ म्हणजे फिरणं, सरकणं. जन्माला येताना वरून मिळालेला हुकूम आणि मग काळाच्या चाकाबरोबर त्याचं वरखाली होणं, असे दोन भाग या कल्पनेत एकत्र नांदतात.

हा हुकूम आधी राजाला मिळाला, सामान्य माणसाच्या वाट्याला तो बऱ्याच उशिरा आला. इसवी सनपूर्व अकराव्या शतकात चौ घराण्याने शांग घराण्याचा पाडाव केला. जिंकणाऱ्यांपुढे अडचण उभी राहिली : कालपर्यंत ज्यांना राजा मानलं, त्यांना उलथून टाकण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? उत्तर होतं ‘थ्येनमिंग’, म्हणजे स्वर्गाचा आदेश. बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात ‘दा यू दिंग’ नावाचं काशाचं एक भलंमोठं भांडं आहे, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचं. चौ राजा वन याला स्वर्गाचा हा आदेश कसा मिळाला आणि शांग घराण्याने तो का गमावला, हे त्याच्या आतल्या बाजूला कोरलं आहे. कारण अगदी रोकडं आहे : शांगांचे सरदार आणि अधिकारी दारूच्या आहारी गेले होते.

म्हणजे मिळालेला हुकूम परतही घेतला जाऊ शकतो. पूर, दुष्काळ, भूकंप ही आदेश रद्द होत असल्याची चिन्हं मानली गेली. २८ जुलै १९७६ रोजी थांगशान शहर भूकंपात जमीनदोस्त झालं, सरकारी आकड्यानुसार दोन लाख बेचाळीस हजार माणसं मेली आणि ९ सप्टेंबरला माओ गेले. तेव्हा कित्येकांना ही जुनी समजूत आठवली. क्रांतीला चिनीत ‘गमिंग’ म्हणतात, म्हणजे आदेश बदलणं. १९११ साली बादशाही संपवणाऱ्या उठावाला चिनी इतिहासात ‘शिनहाय गमिंग’ हे नाव आहे, आणि ‘शिनहाय’ हे साठ वर्षांच्या पारंपरिक चक्रातलं त्या वर्षाचं नाव. राजेशाही गाडणाऱ्या घटनेच्या नावातही पंचांग आणि स्वर्गाचा हुकूम दोन्ही टिकून राहिले.

सामान्य माणसाचं नशीब याच साठाच्या चक्रावर मोजलं जातं. जन्माचं वर्ष, महिना, दिवस आणि प्रहर या प्रत्येकाला दोन अक्षरं, अशी एकूण आठ. म्हणून या पत्रिकेचं नाव ‘बाज़’, आठ अक्षरं. लग्न जुळवताना दोन्हीकडची आठ अक्षरं ताडून पाहण्याची रीत आपल्याकडच्या पत्रिका जुळवण्यासारखीच. अक्षरांत पंचतत्त्वांपैकी एखादं कमी पडलं, तर ते नावात घालून भरून काढतात. लू शुन यांच्या १९२१ सालच्या ‘गाव’ या कथेतला रुनथू अधिक महिन्यात जन्मलेला आहे आणि त्याच्या पत्रिकेत पृथ्वीतत्त्व नाही, म्हणून बापाने त्याच्या नावात ‘थू’, म्हणजे माती, घातली.

पानातला वाटा

कझाक भाषेत नशिबाला ‘तागदिर’ म्हणतात. हा अरबी शब्द इस्लामबरोबर स्टेपवर आला आणि फारसीच्या वाटेने तोच आपल्याकडे ‘तकदीर’ होऊन पोचला. त्याच्या जोडीला अस्सल तुर्की ‘जाझमिश’ आहे, म्हणजे लिहिलेलं. जे लिहून ठेवलं त्याच्या पुढे धावून जाता येत नाही, अशी कझाक म्हण आहे. हे लिखाण असतं कपाळावर. सटवाई पाचव्या-सहाव्या रात्री येऊन बाळाच्या कपाळी लिहिते असं मानणाऱ्या मराठी माणसाला ही कल्पना मुद्दाम समजावून सांगायला नको.

कझाक मनाचा खरा कल मात्र तिसऱ्या शब्दात दिसतो. तो म्हणजे ‘नेसिबे’, आपलं ‘नशीब’च. मुळात याचा अर्थ वाटा, हिस्सा. आपण तो अर्थ विसरलो, कझाकांनी तो जिवंत ठेवला. अन्न, कमाई, मुलंबाळं, दीर्घायुष्य हा ज्याचा त्याचा वाटा. घरी येणारा पाहुणा स्वतःचं नेसिबे बरोबर घेऊन येतो असं मानतात, म्हणून त्याला खाऊ घातल्याने यजमानाचं काही कमी होत नाही. हिवाळ्यासाठी कापलेल्या जनावराच्या मांसातले ठराविक भाग ठराविक नातेवाइकांसाठी राखून ठेवतात. या राखीव वाट्याचं नाव ‘सिबागा’. महिन्यांनी आलेल्या माणसालाही त्याचा सिबागा मिळाला पाहिजे, नाहीतर नात्यात कायमची अढी बसते. आणि येणाऱ्या चाळीस माणसांतला एक तरी ‘किदिर’, म्हणजे भाग्य देणारा ख्वाजा खिज्र असतो. तो कोणता हे ओळखता येत नसल्याने दार सगळ्यांनाच उघडावं लागतं.

ही वाट्याची कल्पना इस्लामहून जुनी आहे. मंगोलियातल्या ओरखोन खोऱ्यात इ. स. ७३२ मध्ये उभारलेला तुर्की राजपुत्र क्युल तेगिनचा शिलास्तंभ आहे. १८९३ साली डॅनिश भाषाशास्त्रज्ञ विल्हेल्म थॉमसन यांनी त्यावरची तुर्की लिपी उलगडली. त्यात तुर्की राजा बिलगे कागान सांगतो, की तेंग्रीची, म्हणजे आकाशदेवाची कृपा होती, माझ्यापाशी ‘कुत’ होतं आणि माझा वाटा होता, म्हणून मी मरणाऱ्या प्रजेला जगवलं, उघड्यांना कपडे दिले आणि गरिबांना श्रीमंत केलं. ‘कुत’ म्हणजे वरून उतरणारं भाग्य, बरकत. हे भाग्य सिद्ध होतं ते वाटण्यातून. मुशेलच्या वर्षी वस्त्र देऊन टाकणाऱ्या माणसाच्या मागे इतकी जुनी समजूत उभी आहे. याच स्तंभाच्या पश्चिमेकडच्या बाजूवर चिनी मजकूर आहे आणि तो थांग सम्राट श्वानझोंगने पाठवलेला आहे. एका दगडावर आकाशाला मानणाऱ्या दोन राजवटी पाठीला पाठ लावून बोलत आहेत.

पुढे १०६९-७० मध्ये यूसुफ बालासागुनी याने ‘कुतादगू बिलिग’ हे दीर्घकाव्य काशगरमध्ये पूर्ण केलं. नावाचा अर्थ भाग्य देणारं ज्ञान. त्यात न्याय, भाग्य, बुद्धी आणि विरक्ती अशी चार पात्रं आहेत. त्यातला भाग्याचा प्रतिनिधी आयतोल्दी, म्हणजे पूर्ण चंद्र, राजाच्या भेटीला येतो तेव्हा आसन नाकारून चेंडूवर बसतो. आपण एका जागी ठरत नाही, हे त्याला दाखवून द्यायचं असतं.

हाडं, काड्या आणि लेंड्या

नशीब हुकूम असो की वाटा, ते आधी कळावं ही हाव दोन्हीकडे सारखीच, आणि त्यासाठीची साधनंही चकित व्हावं इतकी जवळची आहेत. चीनमधल्या आन्यांगजवळ सापडलेली शांगकालीन लेखनाची हाडं ही चिनी लिपीची सर्वांत जुनी मोठी शिदोरी. १८९९ साली विद्वानांचं लक्ष त्यांच्याकडे गेलं. बैलाच्या खांद्याचं हाड किंवा कासवाच्या पोटाचं कवच तापवायचं, उमटलेल्या भेगा वाचायच्या आणि शेजारी प्रश्न कोरून ठेवायचा : पाऊस येईल का, राणीला मुलगा होईल का, राजाचं दात दुखणं कुठल्या पूर्वजाच्या कोपामुळे? स्टेपवर हेच काम मेंढीच्या खांद्याच्या हाडावर चालत आलं. विल्यम ऑफ रुब्रुक हा फ्रान्सिस्कन साधू १२५४ साली मोंगके खानाच्या दरबारात होता. खान कुठल्याही कामाआधी जाळलेली हाडं पाहतो, असं त्याने लिहून ठेवलं. एकोणिसाव्या शतकात कझाक अभ्यासक शोकान वालिखानोव याने आपल्या लोकांमधल्या शामानी रीतींची नोंद केली. खांद्याचं हाड वाचणाऱ्याला कझाकमध्ये ‘जाउरिनशी’ हे स्वतंत्र नाव आहे.

दुसरं साधन मोजणीचं. ‘यी चिंग’ या चिनी ग्रंथाच्या पद्धतीत पन्नास काड्या घेतात. एक बाजूला ठेवून उरलेल्या ४९ चे दोन ढीग करतात, उजवीकडची एक काडी बोटांत धरतात आणि दोन्ही ढीग चार-चारने मोजून बाकी काढतात. कझाक ‘कुमालाक’ पद्धतीत ४१ दाणे असतात. कुमालाक या शब्दाचा अर्थ मेंढीची लेंडी, कारण आधी त्याच वापरत. आता वालाचे दाणे चालतात. त्यांचे तीन ढीग करून तेही चार-चारने मोजतात आणि उरलेले एक ते चार दाणे तीन घरांत मांडतात. असं तीनदा केल्यावर नऊ घरांचा चौकोन तयार होतो : वरची ओळ डोकं, मधली काळीज, खालची पाय.

कागदावर करून पाहिलं तर दिसतं, की दोन्ही पद्धतींत पहिल्या फेरीची बेरीज पाच किंवा नऊच येते. ४९ असो वा ४१, चाराने भागल्यावर बाकी एक उरते, त्याचा हा परिणाम. पुढच्या फेऱ्यांमध्ये चिनी काड्यांची बेरीज चार किंवा आठ येते, कझाक दाण्यांची चार, आठ किंवा बारा. फरक येतो तो वाचण्यात. चिनी माणूस मिळालेल्या आकृतीवरून ग्रंथातलं पान उघडतो. कझाक ‘कुमालाकशी’ समोर बसलेल्या माणसाशी बोलत, प्रवासाला गेलेला मुलगा कुठवर आला, हरवलेला घोडा कुठे असेल, असे प्रश्न घेत मांडणीचा अर्थ लावतो.

दोरा बांधणारा, दोरी कापणारा

लग्नाबद्दलची चिनी कल्पना थांग काळातल्या ली फूयेन याच्या एका कथेने पक्की झाली. वेई गू हा तरुण चांदण्यात ग्रंथ वाचणाऱ्या एका म्हाताऱ्याला भेटतो. म्हाताऱ्याच्या पिशवीत लाल दोरे आहेत. ज्यांची गाठ पडायची त्यांच्या पायांना तो जन्मतःच दोरा बांधतो आणि मग वैर, अंतर, गरिबी काहीही आड आलं तरी गाठ सुटत नाही. ‘तुझी बायको भाजी विकणाऱ्या त्या काण्या बाईकडची तीन वर्षांची पोर’, असं ऐकून वेई गू चिडतो आणि पोरीला मारायला नोकर पाठवतो. वार भुवयांच्या मध्ये निसटता बसतो. चौदा वर्षांनी एका अधिकाऱ्याच्या घरच्या मुलीशी त्याचं लग्न होतं. ती कपाळावर सतत एक नक्षी चिकटवून असते. खाली व्रण असतो.

याच्याच पुढे येतं ‘युआनफन’. बौद्ध विचारातल्या कारण-प्रत्ययाच्या कल्पनेतून आलेला हा शब्द आज चिनी माणूस मैत्री, प्रेम, रेल्वेतली ओळख, सगळ्यांसाठी वापरतो. आपला ‘ऋणानुबंध’ त्याच्या सर्वांत जवळचा. एका नावेतून नदी पार करण्याइतकी भेट घडायलाही दहा वर्षांची पुण्याई लागते, असं चिनी म्हणतात. त्यात भेटण्याचा योग वेगळा आणि सोबत राहण्याचा वाटा वेगळा धरतात, त्यामुळे तुटलेल्या प्रेमालाही समजुतीची जागा उरते : भेटणं होतं, राहणं नव्हतं.

कझाकांकडेही पायातल्या दोरीचा संस्कार आहे, फक्त उलट्या दिशेचा. मूल चालू लागलं की ‘तुसाउ केसेर’ करतात. काळ्या-पांढऱ्या पिळाची दोरी बाळाच्या दोन्ही पायांना बांधतात आणि कर्तबगार, चपळ म्हणून निवडलेलं माणूस ती कापतं. कापणाऱ्याचा स्वभाव मुलात उतरतो अशी समजूत असल्याने ही निवड आईबाप विचारपूर्वक करतात. जन्मापासूनची अडवणूक तोडून वाट मोकळी करायची, आणि तीही चांगल्या माणसाच्या हाताने. मूल धावत सुटतं, मोठी माणसं तळहात उघडून ‘बाता’, म्हणजे आशीर्वाद देतात. पावसाने जमीन हिरवी होते, बाताने माणूस, अशी म्हण आहे. शापालाही ‘उलटा बाता’ म्हणतात आणि तो देताना तळहात उलटे धरतात. बोललेल्या शब्दाने नशीब घडतं-बिघडतं, हा विश्वास कझाक नावांतही दिसतो. मुलं दगावत असलेल्या घरात पुढच्याचं नाव ‘तुर्सिन’ ठेवतात, म्हणजे टिको. महाराष्ट्रात अशा घरांनी धोंडू, दगडू ठेवलं. आपण मृत्यूला चकवायला नाव हलकं केलं, कझाकांनी सरळ मागणं मागितलं.

नशिबाशी वाद

दोन्ही परंपरांत नशिबाला उलटं विचारणारी माणसंही झाली. इसवी सनपूर्व पाचव्या शतकातल्या मोत्स या चिनी विचारवंताने ‘नियतीविरुद्ध’ या नावाची प्रकरणंच मांडली. नियती कुणी डोळ्यांनी पाहिली, कानांनी ऐकली का, असा त्याचा प्रश्न होता. सगळं ठरलेलंच असेल तर अधिकारी कारभार करणार नाहीत आणि शेतकरी नांगर धरणार नाहीत, असं त्याने बजावलं. हरलेले जुलमी राजेच नशिबाला बोल लावतात, हा त्याचा टोमणा आजही जुना वाटत नाही.

मिंग काळातल्या युआन ल्याओफान (१५३३–१६०६) याचा मार्ग अधिक घरगुती होता. एका ज्योतिषाने त्याच्या परीक्षांतले क्रमांक आधीच सांगितले आणि ते तंतोतंत खरे ठरले. मुलगा होणार नाही आणि त्रेपन्नाव्या वर्षी मरण, हेही सांगितलं होतं. त्यामुळे तो सगळी इच्छा सोडून बसला. मग नानजिंगजवळच्या डोंगरात युनगू नावाच्या झेन गुरूने त्याला सत्कृत्यांची वही लिहायला लावली. आधी तीन हजार, मग मुलासाठी तीन हजार, मग वरच्या परीक्षेसाठी दहा हजार. त्याच्या बायकोला लिहिता येत नसे. ती प्रत्येक सत्कृत्यामागे हंसाच्या पिसाची दांडी शेंदरी रंगात बुडवून पंचांगावर गोल उमटवी. मुलगा झाला, १५८६ मध्ये परीक्षा उतरली आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर त्याने हे सगळं मुलासाठी लिहून ठेवलं. वहीत नोंद झाली की वरचा हुकूम बदलतो, हा हिशोबी विश्वास अस्सल चिनी आहे.

कझाकांचा मोठा बंडखोर म्हणजे दंतकथेतला कोरकित. मरण चुकवायला तो आपल्या वेगवान सांडणीवर बसून जगाच्या चारी टोकांना गेला. जिथे जाई तिथे माणसं खड्डा खणत असत. कुणासाठी, असं विचारलं की उत्तर एकच : कोरकितसाठी. शेवटी तो सिर दर्या नदीच्या काठी परतला, पाण्यावर सतरंजी अंथरून कोबिझ हे वाद्य वाजवू लागला आणि वाजत होतं तोवर मृत्यूला जवळ येता आलं नाही. झोप लागली तेव्हा सापाच्या रूपाने तो आला. किझिलोर्दा प्रांतात १९८० साली उभारलेलं त्याचं स्मारक असं रचलं आहे, की वारा वाहिला की ते वाजू लागतं. आणि कझाक कवी आबाय कुनानबायेव (१८४५–१९०४) यांनी आपल्या अठ्ठाविसाव्या गद्य-बोधात याच प्रश्नाला तर्काने हात घातला. रोग आणि आरोग्य, गरिबी आणि श्रीमंती देवानेच निर्माण केली असतील, पण कुणाला आजारी किंवा गरीब पाडण्याचं काम त्याच्या माथी मारू नका. अक्कल दिली आहे ती कशासाठी, असा त्यांचा सूर आहे.

सामायिक नशीब कुणाच्या वाट्याचं?

आज चीनमध्ये सुमारे पंधरा लाख कझाक राहतात. त्यांच्यासाठी १९५४ साली इली हा स्वायत्त विभाग स्थापन झाला. या दोन शब्दसंपदा तिथे एकाच घरात वावरतात. राज्यांच्या पातळीवर त्यांची गाठ २०१३ साली पडली. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये शी जिनपिंग यांनी रेशीम मार्गाच्या नव्या आर्थिक पट्ट्याची घोषणा केली ती कझाकस्तानच्या राजधानीतल्या नझरबायेव विद्यापीठात. ‘मानवजातीचा मिंगयुन-समुदाय’, म्हणजे सामायिक नशिबाची मानवजात, हे घोषवाक्यही त्याच काळात पुढे आलं आणि २०१८ मध्ये चीनच्या राज्यघटनेच्या प्रस्तावनेत गेलं.

कझाक जनतेने मात्र २०१६ सालीच वेगळा सूर लावला. परदेशी लोकांना शेतजमीन पंचवीस वर्षांपर्यंत भाड्याने देण्याची तरतूद आली तेव्हा अतिराऊसह अनेक शहरांत लोक रस्त्यावर उतरले. चिनी कंपन्या जमीन घेतील ही भीती त्यात उघड होती. सरकारला बदल स्थगित करावे लागले आणि २०२१ मध्ये परदेशी लोकांना शेतजमीन विकण्यावर आणि भाड्याने देण्यावर कायद्यानेच बंदी आली. नशिबाला वाटा मानणारा समाज सामायिक नशिबाची भाषा ऐकल्यावर आधी हेच विचारणार, की यात आमचा सिबागा किती. चिनी परंपरेपाशीही यावर आपला जुना प्रश्न आहे, तीन हजार वर्षांपूर्वी काशाच्या भांड्यात कोरलेला : हुकूम ज्याच्या हाती दिला, तो नीट वागला नाही तर तो काढून कसा घ्यायचा. सामायिक नशिबाची गोष्ट करणाऱ्याला या दोन्ही प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतील.